सपाट

आढ्याचं पाणी वळचणीला जातं,
एवढ्या एका भरवशावर माझ्या बापाने
ड्युलुथच्या टेकडीवरली घरं शाकारली, एकतीस वर्षं.
खालून वर, शिंगलवर शिंगल, माशाच्या खवल्यांसारखी.
"छपराने पाणी अडवायचं नसतं," रेइनो कांगास म्हणायचा,
"वाट दाखवायची आणि मोकळं व्हायचं."

घराखाली माणसं असायची.
स्कोग्लुंडबाई कॉफीचा थर्मास शिडीला अडकवून ठेवायच्या.
एकदा एका घरातलं भांडण धुरांड्यातून वर आलं,
तेव्हा त्याने हातोडा उगाच जोरात मारला,
वर कुणी आहे हे त्यांना कळावं म्हणून.

मी गोदामांवर असते.
चार एकर पांढरं छप्पर, ना आढं ना वळचण.
गरम हवेच्या झोताने शिवण वितळवायची, रुळाने दाबायची,
गार झाली की टोच्याने इंच इंच टोचून बघायची.
सपाट म्हणतात खरं,
पण फुटामागे पाव इंच उतार द्यावाच लागतो,
डोळ्याला न दिसणारा,
फक्त पाण्याला कळेल असा.
चुकला की डबकं,
आणि डबक्याला वेळच वेळ असतो.
थेंब पडतो सतराव्या रांगेतल्या खोक्यांवर,
भोक सापडतं साठ पावलं उत्तरेला.
मालक म्हणजे करारावरची एक सही.
कॉफी आपली आपण आणायची.

एउसेबिओ, आमचा मुकादम, कुएन्काजवळचा,
रोज सकाळी तेच बजावतो:
उतारावर भीती पायात असते,
सपाटावर ती डोक्यात ठेवावी लागते,
आणि डोकं विसरतं.
ल्यूथर रोल सोडत मागे मागे चालला होता,
बोलत होता, बहुतेक हॉकीबद्दल.
पट्टा होता म्हणून फक्त खांदा गेला.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी बाप म्हणाला, दाखव.
एक गुडघा धातूचा, तरी शिडी चढला.
झाकणातून बाहेर आला आणि चालू लागला
त्या सपाटावर, डावा पाय वाकवून,
अंग सरोवराच्या उलट बाजूला झुकवून,
जणू तिकडे अजून उतार आहे.
मी सरळ चाल म्हटलं नाही.

"पाणी जातं कुठे?"
मी मधली जाळी दाखवली.
"मधूनच? इमारतीच्या पोटातून?"
जरा वेळ त्याला ते पटलं नाही.
मग खाली बसला, दोन खेपांत,
जाळीत अडकलेली मेपलची पानं बोटांनी काढली,
खिशात भरली. घरीही तो पन्हळीतला कचरा
कधी खाली टाकत नसे.

"आणि खाली कोण असतं?"
खोकी, मी म्हटलं.
रविवारी तर कुणीच नाही.
त्याने बुटाची टाच दोनदा आपटली
आणि मान वाकडी करून थांबला.

खालून, कुठूनतरी खूप लांबून,
फोर्कलिफ्टचा भोंगा वाजला. एकदाच.