दोन पाट्या

बोरिवलीच्या उद्यानाचं काम मिळालं :
दोन पाट्या, काळा पत्रा, दर पाटी चारशे.
अक्षरं माझी, मजकूर तांडेल मॅडमचा.

पहिली, दयाळ. दुसरी, माकड.
"वानर लिहू नका हं. वानर काळ्या तोंडाचं.
हे गुलाबी तोंडाचं, मधोमध भांग पाडलेलं."

वरच्या दोन ओळी दोन्हीकडे सारख्याच निघाल्या :
सृष्टी प्राण्यांची, संघ कणा असलेल्यांचा.
एकदा स्टेन्सिल कापली, दोनदा वापरली.
तिसऱ्या ओळीला फाटा फुटला.
एक पक्षी, एक सस्तन.
दयाळ माशीमारांच्या कुळातला,
माकडाच्या कुळाचं नाव पाटीच्या रुंदीत मावेना,
मधेच तोडून खाली घेतलं.

शेवटी स्थिती.
"दयाळाला हिरवा. किमान चिंता.
माकडाला पिवळा. असुरक्षित."
मी म्हटलं, मॅडम, उलटं नाही ना झालं?
कालच यांनी माझी पोळी पळवली, भाजीसकट.
त्या म्हणाल्या, रोज हाकलतो म्हणून
मोजायचं राहून जातं,
आणि फोन आला म्हणून बाजूला गेल्या.

शिडी धरून रमण वरठा उभा.
त्याचा पाडा आतच, कुंपणाच्या आधीपासूनचा.
विचारतो, ही यादी करतं कोण?
त्याच्या मुलीचा दाखला अकरा महिने पडताळणीत.
म्हणतात, आजोबांच्या शाळेची नोंद आणा.
आजोबांच्या वेळी शाळाच नव्हती
हे लिहून दिलं, तर
त्याचाही पुरावा आणा म्हणतात.
मी पिवळा डबा ढवळत राहिलो,
ढवळून झाला होता तरी.

तेवढ्यात दिव्याच्या खांबावर दयाळ आला,
शेपूट ताठ, बाराखडी नसलेलं काहीतरी
लांबच लांब म्हणू लागला.
आम्ही दोघं वर बघत होतो
आणि पोटाला पिल्लू लावलेली माकडीण
खालून पाटीला टेकून गेली.

पंजा बरोबर 'सु'वर.
अक्षर गेलं. उरलं :
अ, जरा मोकळी जागा, मग रक्षित.

रमणनं बोट न लावता वाचलं.
"काय चुकलंय?" म्हणाला.

टर्पेंटाइनची बाटली हातात होती.
मॅडम अजून फोनवर.
दयाळाची पाटी शेजारी वाळत होती,
तिला कुणी हात लावला नव्हता.