समेट

किश्कुनशागच्या वाळवट मातीत
राईच्या शेतात मी काचेचे पेले पुरून ठेवते,
काठ जमिनीच्या पातळीला.
रात्री जो पायी हिंडतो, तो सकाळी माझ्या वहीत.

पट्टीपासून पाच पावलांवर: लांडगा-कोळी एकोणीस,
काळे भुंगेरे सात.
शेताच्या मध्यावर एकच कोळी. तोही लंगडा.

ती पट्टी चार मीटरची.
एटेल्काचे वडील म्हणत आमची,
बेर्तलानचे आजोबा म्हणत आमची.
बत्तीस वर्षं कोर्टात कागद हलत राहिले
आणि नांगर कुणीच घातला नाही.
तिथं रानगुलाबाचं जाळं, उंच वाळकं गवत,
बुडख्यांत थंडी काढणारे ढालकिडे
एकमेकांना चिकटून.

गेल्या शरदात दोघांनी हात मिळवले.
आलुबुखाराची दारू काढली, मलाही पाजली.
मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.
पट्टी निम्मी-निम्मी.
दुपारच्या आत ट्रॅक्टरनं सगळं सपाट.

या मे महिन्यात पेल्यांत नुसतं पावसाचं पाणी
आणि वाट चुकलेली एक मुंगी.
ओंब्यांवर मावा; बोट लावलं की हिरवं, चिकट.
एटेल्का विचारते, हा कुठून आला गं?

हा तर दरवर्षीच यायचा, बाई.
याला खाणारे तुमच्या भांडणात राहायचे.

असं मी म्हणत नाही.
वहीत शून्य लिहिते, खाली तारीख.
पलीकडून बेर्तलान टोपी हलवतो.
एटेल्का माव्यानं हिरवा झालेला हात
वर करते.