नावडतीचं मीठ

एव्हीमोरला पहाटे पाच वाजता
मी परीक्षेच्या उतारावर मीठ टाकते.
तासावर पगार, हातमोजे आपले आपण आणायचे.
मिठानं बर्फ आधी पाघळतो, मग दगडासारखा आवळतो,
स्कीची कड त्यात विळीसारखी बसते.
निदान पहिल्या दहा जणांची.

माझा नंबर एकतीस.

परदेशी उमेदवार शेवटी, अशी इथली रीत.
लिहिलेली नाही कुठे.
गॅलब्रेथसाहेबांना विचारलं, तर म्हणाले,
आडनावांच्या क्रमानं असेल.
खेर हे म्यूरच्या आधी येतं, मी म्हटलं,
तुमच्याही मुळाक्षरांत.
ते हसले. गुड पॉइंट, ब्रेंडा.
वृंदा, मी म्हटलं,
पण तोवर लिफ्टची खुर्ची त्यांना घेऊन गेली होती.

बाबा सीमेवरच्या रस्त्यांच्या खात्यात भांडारपाल,
म्हणून मी नाशिकची असून वाढले जोशीमठात.
ऑलीला सात हिवाळे शिकवलं :
जवानांना, नवविवाहितांना,
एकदा एका निवृत्त न्यायमूर्तींना,
जे पडले की बर्फाला दोषी ठरवायचे.
ते सात हिवाळे इथे शून्य धरतात.
प्रथमोपचाराचा दाखलाही इथलाच लागतो,
मोडलेला पाय देशागणिक बदलत असावा.
अनामत दुप्पट. आम्ही पळून जाऊ म्हणून.
पळायचंच असतं तर उतार होता की समोर.

मागच्या खेपेला एक सेकंद आणि वर काही शतांश
कमी पडले.
नवव्या झेंडीपाशी तीस जणांनी खणलेली नाली,
तळाशी हेदरची झुडपं उघडी पडलेली.
निकालपत्रावर लिहिलं होतं : तंत्र ठीक. उच्चार अस्पष्ट.
उतरताना मी एक शब्द बोलले नव्हते.

आई फोनवर म्हणाली, नावडतीचं मीठ अळणी.
मी म्हटलं, अगं, इथे मीठ मीच टाकते.
मग हात आखडता घे, ती म्हणाली.
पण हाताला ती सवय नाही.

आज पुन्हा एकतीस.
अठ्ठाविसापासून पुढे आम्हीच :
गुदाउरीची खातुना, बारिलोचेचा फाकुंदो,
आणि झाकोपानेचा बोगुमिल, जो सांगतो,
पूर्वी मी इथे परदेशी नव्हतो,
एका सकाळी उठलो तर झालो होतो.

सत्ताविसावा खाली पोचला आणि वारा सुटला.
घड्याळवाला थर्मास घेऊन खोपटात शिरला.
माझ्या खिशात पहाटेचं मीठ होतं, दोन मुठी.
कुणाला काही न बोलता
स्की आडव्या धरून मी सरकत उतरू लागले,
भिंतीवर गिलावा ओढावा तशी
नाल्या बुजवत.
मागून खातुना. मग ते दोघे.
चार देशांच्या आठ फळ्या, खर्र, खर्र.
नवव्या झेंडीपाशी मुठी सोडल्या,
बोगुमिलनं वरून बुटानं दाबलं,
घरातली उंदराची बिळं बुजवावी इतक्या रागानं.

वर परतलो तर खोपटातला रेडिओ ओरडत होता :
हे चालणार नाही, हे अजिबात चालणार नाही.
कुठल्या नियमाखाली, सर?
मी विचारलं, उच्चार शक्य तितका स्पष्ट ठेवून.
पलीकडून नुसती खरखर.
मग कागद उलटल्याचा आवाज.
मग आणखी कागद.

घड्याळवाल्यानं चहा खाली ठेवला,
आमच्याकडे बघितलं, रेडिओकडे बघितलं,
आणि हात वर केला.

अठ्ठावीस गेली.
एकोणतीस.
तीस नवव्या झेंडीला जरासा खचला, सावरला,
खाली एवढासा ठिपका होऊन
काठ्या हलवू लागला.

रेडिओत अजून कागद चाललेत.
मी दातांनी हातमोजा घट्ट ओढला.
खारट लागला.
काठ्या रोवल्या.