लाईन क्लिअर

इतवारीच्या केबिनमध्ये एकतीस वर्षं काढली मी,
छोट्या लाईनवर.
गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनाला विचारायचं,
येऊ देऊ का?
तिकडून होकार आला की गोळा हातात, सिग्नल खाली.
नाही आला तर गाडी उभी.
एवढंच काम. एवढ्यातच केस पिकले.

आता मेकोसाबागेत पहाटे चारला उठतो.
कूलर बंद करतो, म्हणजे माझा आवाज निदान मला तरी ऐकू येईल.
गुडघे वाकत नाहीत,
म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो
आणि वाजवतो घंटी:
प्रभू, आमोस.

अकरा वर्षं झाली.
भांडण कशाचं होतं, तर एका मोटरसायकलचं.
ती मी विकली, त्याला न विचारता.
त्याच्याच फीसाठी विकली, हे ऐकायला तो थांबला नाही.

तबिथा माझ्यासारखं लांबण लावत नाही.
"आमोस," म्हणते, आणि लगेच "आमेन".
एकदा वैतागली,
"तुम्ही त्याले पत्ता काहून सांगता जी? त्याले का ठाव नाही?"
मी म्हटलं, अगं, मलाच ठाऊक नाही, म्हणून सांगून पाहतो:
पुणे, मग वापी, मग कोणी म्हणालं मस्कत.

पाळक म्हणतात, देवाची वेळ वेगळी असते.
मान्य.
पण वेळापत्रक तरी असेल ना कुठं टांगलेलं?

नवतपातली एक दुपार आठवते.
गाडी आउटरला उभी, सव्वादोन तास.
लोक उतरून बाभळीखाली बसलेले,
एक जण शिव्या देत केबिनपर्यंत आला:
झोपला काय बे?
पुढं उन्हानं रूळ वाकला होता,
चार गँगमन डोक्याला फडकी बांधून तो सरळ करत होते.
हे मला रात्री कळलं.
तेव्हा मला फक्त यंत्रातली शांतता माहीत होती.

हे आठवलं की बरं वाटतं.
पण लगेच दुसरंही आठवतं,
एकदा पलीकडचा माणूस खरंच झोपला होता.
आणि इकडं ऐकू आलं
ते दोन्ही वेळा अगदी सारखंच.

देव झोपत नाही, लहानपणापासून पाठ आहे मला.
पाठ असणं वेगळं, पहाटेचे चार वेगळे.

तरी दोन्ही वेळा मी वाजवतच राहिलो होतो.
विश्वास मोठा होता म्हणून नव्हे,
ड्यूटी माझी होती म्हणून,
आणि माझ्यामागं
डब्यांत माणसं होती.

यंदाच्या उपवासकाळात एकदा
"त्याला आण" म्हणायला तोंड उघडलं
आणि भलतंच बाहेर पडलं:
प्रभू, फीचं मी नंतर सांगू लागलो.
विकली तेव्हा मी रागात होतो.
त्याला धडा शिकवायचा होता.

खुर्ची करकरली.
आतल्या खोलीत तबिथा जागी होती.
काही बोलली नाही.
गाडी कदाचित माझ्याच यार्डात अडकलेली,
आणि मी इतकी वर्षं
पुढच्या स्टेशनाला दोष देतोय,
असं वाटलं खरं.
पण त्या दिवशीही फोन आला नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.

छोटी लाईन आता उखडली.
मोठी टाकताहेत. माझी केबिन असेल नसेल.
हात मात्र चारला आपोआप
त्या बटणाकडं जातो.

पाचला दूधवाला फाटकाची कडी वाजवतो.
आम्ही दोघंही दचकतो, रोज.
दूधच असतं.
तबिथा पातेलं घेऊन जाते,
बाहेरून तिचा आवाज येतो,
"आज अर्धा लिटर जास्तीचं दे, भाऊ."
कोण येणार आहे, असं तोही विचारत नाही,
मीही नाही.