फट

साखरीनाट्याच्या तेलाच्या कारखान्यात
तारली येते, शिजते, पिळली जाते,
आणि जे गळतं ते फिरत्या हंड्यात जातं.
पाणी एकीकडे, तेल एकीकडे.
मिनिटाला सहा हजार फेरे.

पण सहा हजारांची वाट
अठराशेवरून जाते.
तिथे दांडा जरासा वाकतो,
उड्या मारताना दोरी फुगते तसा फुगतो,
आणि मागच्या घरात द्रौपदी खडपेच्या फळीवरचे
पितळी पेले एकमेकांशी भांडायला लागतात.

मजीदभाई म्हणाला, आवळून टाकू.
जाड बोल्ट, खाली अजून काँक्रीट.
मालकाचंही तेच.
आवळलेलं सगळ्यांना मजबूत वाटतं.

मी फट मागत होते.
बेअरिंग आणि त्याचं घर यांच्या मध्ये
बारा शतांश मिलिमीटर, आणि तिच्यात तेल.
कमी दिली तर तेलाचा दगड होतो.
जास्त दिली तर ते असून नसल्यासारखं.
किती सैल सोडायचं, एवढंच गणित
तीन रात्री मांडलं, लॉजच्या पंख्याखाली,
जो स्वतःच डुगडुगत होता.

मजीदभाईनं पट्टी सरकवून पाहिली.
"ही फट न्हाय, मॅडम. ही मनाची समजूत."

मासेमारीची बंदी उठायच्या आठवडाभर आधी
चालू केलं. बाराशे. पंधराशे.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला,
मजीदभाईचे डोळे मिटलेले.
सतराशे.
अठराशे. इथे रेंगाळायचं नसतं.
दोन हजार.
"गेला," तो म्हणाला. "चपला हातात घेऊन गेला."

थरथर संपली नव्हती, ती कुठे जाणार?
तेलाच्या त्या पदरात शिरली
आणि ऊब होऊन बसली.
मी वरून हात ठेवला:
कोंबडीखालच्या अंड्याइतकं गरम.

संध्याकाळी कुंपणापाशी द्रौपदीबाई.
"आज फॅक्टरी बंद हाय काय गो?
पेले वाजले की मी भात लावतंय.
आज नुसती बसान रवलंय."

माझ्या वहीत कंपनाला रकाना होता,
तापमानाला होता,
तेल गळतंय का, यालाही होता.

सातला दहा कमी आहेत, मी म्हटलं.

"मग उशीरच झाला,"
म्हणत ती वळली.