सतरा अक्षरं

निवृत्ती गुट्ट्यांनी प्रेशरच्या पाण्यानं इंजिन धुतलं,
लई चमकलं म्हणले,
आणि तेव्हापासून गाडी मुकी.
मॉड्यूल उघडलं तर पिनांवर हिरवा कळंक,
तांब्याच्या भांड्याला चढतो तसा.

कंपनीचं नवीन अडतीस हजार, वर दोन महिने वाट.
फय्याजभाईंनी नांदेडच्या भंगारातून हे आणलं गंगाखेडला,
साबणाच्या डब्याएवढं,
वर कुणीतरी खडूनं लिहिलेलं: चालू आहे.

चालू आहे, पण दुसऱ्या गाडीचं आहे.

तीनला लाइट जाणार म्हणून
बाबांनी ट्रॅक्टरची बॅटरी जोडून ठेवली.
व्होल्ट उतरले तर लिहिणं अर्ध्यात राहतं
आणि मग ते ना जुन्याचं, ना नव्याचं.
पंखा बंद, टेप बंद, दारं बंद.
गुट्टे काचेला नाक लावून:
काय करायलीस गं?
वाचायले, म्हटलं.

आधी ते आपलं नाव सांगतं.
सतरा अक्षरं-आकडे, सलग, श्वास न घेता.
भोकरची असेल, देगलूरची असेल गाडी.
आत एक नोंद राहिलेली:
वेग एक्केचाळीस, पाणी एकशेआठ अंशांवर,
चेक लाइट लागली तो क्षण.
पुढं कुणी थांबलं का, बॉनेट उघडलं का,
त्याबद्दल काही नाही.

पुसायचं? हो. नाही.

पाच वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळात
अंगठीनं ओढलेलं एक नाव मी वाचलं होतं.
छान होतं तेही. सगळे हसले, मीही.
परत आले तेव्हा आधार, पॅन, पासबुक घेऊन तहसीलला गेले.
बाबू म्हणाला, मधल्या नावाचा पुरावा?
मधलं नाव बाहेर उभं होतं,
ऑइलच्या हातानं चहा पीत.

हो दाबलं.

अकरा टक्के. तीस.
त्र्याहत्तरवर पट्टी थांबली ती थांबलीच.
तेवढ्यात लाइट गेली, समोरच्या गिरणीचा पट्टा
फटफटत निजला.
बाबा मीटरवर वाकलेले: बारा सात. बारा सहा.
गुट्ट्यांनी टोपी काढून हातात घेतली.

चौऱ्याहत्तर.

मग किल्ली. चालू, दहा मिनिटं. बंद, दहा सेकंद.
असं तीनदा.
एकमेकांची ओळख पटेपर्यंत
डॅशवर लाल कुलूप लुकलुकत राहतं.
घाई केली की पहिल्यापासून.

तिसऱ्या खेपेला कुलूप विझलं.
इंजिन खाकरलं, थोडं खडबडलं,
मग आठशेवर येऊन बसलं.
झाली का आपली? गुट्टे म्हणाले.
नंबर तर तुमचाच आहे, म्हटलं,
बाकी शंभरेक किलोमीटर चालवा, शिकेल.
आणि धुऊ नका.

बिलाखाली सही केली: सोजर.
तांदळात हे नव्हतं.
गुट्ट्यांनी उलटून पाहिलं. एवढंच?
एवढंच, म्हटलं.
गाडी पुढं घ्या, मागं जीप अडकलीय.