पहिली खूण

ऊर्वी, तू दोन यंत्रं आणलीस, मोज्यांत गुंडाळून.
म्हणालीस, मामा, एक ठेवीन, एक परत करीन,
तीस दिवसांची मुदत आहे, तुम्ही निवडा.
मी का? तर मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचो
आणि दोरीला शिसं बांधून एका हिवाळ्यात
तिघऱ्याचा तळ मोजला होता.
एवढ्यावर मी तज्ज्ञ.

सकाळी लष्करातून निघालो. धुकं असं
की टेम्पोच्या पुढे टेम्पोवाल्याचा पोरगा चालत होता.
एका खिशात यंत्रं, दुसऱ्यात गजक.
रामसेवक बाथमने नाव सोडली. "दद्दा, दो-दो मोबाइल?"
म्हटलं, मोबाइल नाहीत, ह्यांना रस्ता कळतो.
तो हसला. तो वल्ही मोजत जातो:
पंपघरापासून एकशे चाळीस, मग डावीकडे,
वल्ह्याला पाण्यातली बाभूळ लागली की रोहू.

पहिलं यंत्र देखणं. पडदा मोठा, बोटाने सरकणारा.
मी हातमोजे चढवले, तुझ्या आईने विणलेले, अंगठा आखूड,
आणि पडद्याला काही केल्या मी कळेना.
मोजा काढला. चार अंशांत बोट बधिर.
तुझ्याकडे उणे तीस.
दुसरं बोजड, पाच बटणांचं,
जुन्या ट्रान्झिस्टरसारखं, पण दाबलं की ऐकतं.
सेल बदलता येतात. लिथियमचेच घे;
साधे सेल थंडीत माझ्यासारखे, आहेत, पण उठत नाहीत.

नकाशाचं कार्डही पाहिलं. तुझं तळं सुरेख,
दर तीन फुटांवर एक रेघ.
रेघा दाटल्या तिथे उतार,
उताराला मासे खालीवर करतात, तिथे भोक पाड.
हे रामसेवकनेही सांगितलं असतं, फुकट.
आमचा तिघरा मात्र त्यात नुसता निळा डाग,
तळच नसलेला. माझे सहाशे बारा आकडे
अमोनियाच्या वासाच्या कुठल्यातरी सुरळीत.
थोडं वाईट वाटलं. फार नाही.

आणि कार्ड तळ सांगतं, बर्फ सांगत नाही.
चार इंच माणसाला, बारा-पंधरा गाडीला,
ते पहार ठोकूनच बघायचं, पुन्हा पुन्हा.

आता ते, जे तू जिन्यात सांगितलंस, आईला नाही:
मागच्या फेब्रुवारीत वारा सुटला, बर्फ उडाला,
आणि भोकापासून गाडीपर्यंतच्या तीनशे पावलांना
दोन तास लागले.
तुझाच माग तुला दोनदा आडवा आला.
म्हणून मी ह्यांच्यावर मासा शोधलाच नाही.
काठावर खूण केली, रामसेवकला म्हटलं,
आता फिरव, मला कळणार नाही असं.
त्याने फिरवलं, गजक खात, मजेत.
मग दोघांना विचारलं: परत कुठे?
देखणं विचार करत बसलं.
बोजडाने बाण काढला,
आणि थोड्या वेळाने नावेचं नाक पायरीला लागलं.

तर बोजड ठेव.

एक कबुली. काल शिकता शिकता
माझ्या हातून त्यात एक खूण साठली:
क्रमांक एक, जनकगंज, गच्ची, वाळवणाची खाट.
पुसणार होतो. मग कपाटातून पृथ्वीचा गोळा काढला,
सास्काटूनपासून आपल्यापर्यंत दोरा ताणला.
दोरा समुद्रावरून येईना,
घसरून घसरून ध्रुवावरूनच गेला.
म्हणजे तिकडे, बर्फावर, गाडी शोधताना
चुकून क्रमांक एक दाबलास
तर अकरा हजार तीनशे किलोमीटर म्हणेल,
आणि बाण जवळजवळ सरळ उत्तरेकडे.

त्या बाजूला चालू लागू नकोस.
गाडी दोन नंबरला ठेव.